टेअर

तळोज्याला आमच्या केबिनमध्ये एसी आहे,
पण तो संगणकासाठी.
मी त्याच्या शेजारी बसतो म्हणून गार राहतो.

काचेपलीकडे तीन सायलो, दोन जातींची खडी, क्रश सँड,
आणि फ्लाय अ‍ॅशची ती भुकटी
जी डब्यातल्या आमटीवरही अलगद बसते.
झाकण आडवं धरून जेवायची कला
मला नवव्या वर्षी जमली.
(नोकरीच्या.)

बटण दाबलं की पट्टा चालतो,
पाचशे वीस, पाचशे चाळीस, साठ, बस.
संगणकाला वजन कळतं, ओल कळत नाही.
वाळू मुठीत दाबून बघावी लागते,
लाडू वळला तर पाणी तोडायचं.
पाटणकर मॅडम लॅबमध्ये तीच वाळू शेगडीवर भाजतात
आणि टक्के काढतात.
बहुतेक वेळा माझी मूठ आणि त्यांची शेगडी
अर्ध्या टक्क्याच्या आत भेटतात.
नाही भेटली, तर शेगडी खरी.

आज उलव्याला राफ्ट आहे, चारशे ऐंशी घनमीटर.
शिवबचनची गाडी कळंबोलीला अडकलीय,
फोनवर म्हणतो,
ड्रम फिरतोय साहेब, मीच तेवढा थांबलोय.

पण सांगायचं होतं ते गुरुवारचं.

गुरुवारी काटा तपासायचा होता.
वीस किलोचे पंचवीस ठोकळे हवेत,
निघाले बावीस.
तीन कुणीतरी भंगारात घातले,
कुणी ते सगळ्यांना माहीत आहे.
साठ किलो कमी.
मी म्हटलं, लखिंदरला चढवा,
गेल्या मे महिन्यात याच काट्यावर तो नेमका साठ भरला होता.
सगळे हसले. तोही हसला,
चप्पल काढून चढला, देवळात चढावं तसा,
आणि हॉपरच्या साखळीला धरून उभा राहिला.

स्क्रीनवर चारशे चौऱ्याण्णव.

काटा बिघडला, मॅडम म्हणाल्या.
उतरवा त्याला.
उतरला.
चारशे चाळीस. ग्रॅमाचाही फरक नाही.
काटा खरा होता.

सिमेंटला दोन टक्के माफ असतात, खडीला तीन.
हे दहा होते.

वरून चप्पल शोधत त्याने विचारलं, कितना हुआ?
नऊ वर्षांत मी एकही तिकीट खोटं छापलं नाही,
रात्री दोनला, डोळे मिटत असतानाही नाही.
साठ, मी म्हटलं. बराबर है.
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं
आणि वहीत लिहिलं, काटा ठीक.

टेअर म्हणून एक बटण असतं.
हॉपरला जे काही चिकटलंय,
खडीचा थर, पाणी, कुणी विसरलेला पाना,
ते सगळं त्या बटणानं शून्य धरलं जातं
आणि मोजणी पुन्हा सुरू होते.
दिवसाला शंभर वेळा दाबतो मी ते.
गुरुवारी दाबताना बोट जरा वर राहिलं,
मग दाबलं. गाड्या रांगेत होत्या.

आता उलव्याची शेवटची गाडी गेली की
लखिंदर मिक्सरच्या पोटात उतरेल,
पात्यांवर वाळलेलं काँक्रीट छिन्नीने फोडायला.
मेन स्विचची चावी तेव्हा माझ्या खिशात असते.
मी ती दोनदा चाचपतो. परवापासून तीनदा.
आतून ठक्, ठक्.
मग आवाज थांबतो,
मी उठून काचेला नाक लावतो,
काचेवर धूळ, तिच्यावर माझा श्वास.
ठक्.
बसतो.

डब्यात आज दोन अंडी जास्त आणलीत.
काय म्हणून द्यायची ते ठरलेलं नाही.
बायकोने चुकून घातली म्हणेन.
झाकण घट्ट लावलंय.