इथे नंतर लिहू

पाथर्डी फाट्यावर, टाइल्सच्या दुकानाच्या वर,
सहा वर्षं आम्ही एक नदी बनवत होतो.
आपल्या दुतोंड्यासारखा एक मारुती तिथेही होता,
पूर त्याच्या अंगावरून मोजायचा:
गुडघा, कंबर, छाती.
छातीला पाणी लागलं की बाजारातली माणसं
दुकानं आवरून वरच्या आळीत जातील
असं मुस्तकीमने कोडमध्ये लिहिलं,
आणि तीन आठवडे माणसं पाण्यातूनच चालत राहिली,
हसत, मेथीचा भाव विचारत.

माझ्याकडे बोलणी होती.
नायकाची नाहीत, त्याच्यासाठी पुण्याहून लेखक आला होता.
मी बाकीच्यांची लिहायचे.
नावाडी, पाणपोईवरची म्हातारी, जकातनाक्यावरचा पेंगुळलेला शिपाई,
जे खेळणाऱ्याला रस्ता सांगतात
आणि स्वतः कुठेच जात नाहीत.
चार हजार दोनशे वाक्यं.
कुणी दुसऱ्यांदा बोलायला आलं तर काय म्हणायचं,
सातव्यांदा आलं तर काय.
सातव्यांदा नावाडी म्हणतो,
"तुला घरदार नाही का रे?"
यावर खैरनार सर इतके हसले होते
की चहा कीबोर्डवर.

मंगळवारी तेच सर उभे राहून बोलले.
बंगळुरूच्या लोकांनी हप्ता थांबवला होता दिवाळीच्या आधीच.
मधले चार पगार सिन्नरच्या प्लॉटमधून आले होते,
हे आम्हाला तेव्हा कळलं.
कुणी काही विचारलं नाही.
अन्विताने विचारलं, खुर्च्यांचं काय.

खुर्च्या एका क्लासवाल्याने नेल्या,
मॉनिटर रक्त तपासायच्या लॅबने.
पांढरा फळा कुणालाच नको होता,
त्यावर अर्धं राज्य
न पुसणाऱ्या मार्करने चुकून काढलेलं.

शेवटच्या संध्याकाळी मी एकदा आत गेले.
पुलापलीकडे जमीन नाही,
ती पुढच्या वर्षी करायची होती.
पुलाच्या टोकाशी एक बाई उभी असते,
निळं लुगडं, हातात कंदील.
कंदिलाच्या काचेला अन्विताने एक तडा दिलाय,
कुणाला दिसणार नाही इतका बारीक,
त्यासाठी ती एका रविवारी ऑफिसला आली होती.
मी बाईशी बोलले.
ती म्हणाली,
"इथे नंतर लिहू."

माझीच खूण. टाकून विसरलेली.
मी पुन्हा बोलले, ती पुन्हा तेच म्हणाली,
मान जराशी कलती करून, शिकवली होती तशी,
जणू तिला कुणी तारीख दिली आहे.
सातव्यांदाही तेच.
मी लिहू शकले असते. कीबोर्ड समोर होता.
खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

नंतर एका दुपारी तांबट आळीत गेले.
आमच्या गावातल्या तांबटाच्या हातोडीचा आवाज
इथल्या मुरलीअप्पांचा होता,
अकरा सेकंदांचा,
भर मे महिन्यात पंखा बंद करायला लावून घेतलेला.
तेव्हापासून भेटले की विचारायचे, खेळ कधी लागणार,
टॉकीजला लागतो तसा.

मी सांगितलं, बंद झालं सगळं.
त्यांनी हंड्याची कड अंगठ्याने चाचपली.
"आणि माझे ठोके?"
मला वाटलं पैशांचं म्हणतात.
"तसं नाही गं. आहेत ना कुठे?"
आहेत, म्हटलं, एका डिस्कवर, माझ्या कपाटात,
स्वेटरांच्या खाली.
"हां," म्हणाले. "मग तो पंखा उगाच बंद केला."
आणि ठोकायला लागले.

मी मनात मोजत राहिले, सवयीने.
अकराला आमचा आवाज
परत पहिल्यापासून सुरू व्हायचा.
अप्पा बाराला खोकले,
हंडा फिरवला,
आणि दुसरी बाजू घेतली.