करवत विकणे आहे

ये रेमो, बुटांवरचा बर्फ झटक, आत ये.
जाहिरात मीच दिली. करवत एंडेलची.
साखळी नवी आहे, पट्टी दोनदा उलटवून बसवलेली.
थंडीत तिसऱ्या ओढीला पेट घेते,
त्याच्या हाताला पहिल्या.

उचलून बघ. पण अशी हवेत धरून चालू करू नकोस.
खाली ठेव. बुटाचं टोक मागच्या मुठीत घाल,
ब्रेक लाव, मग ओढ.
डावा अंगठा मुठीखालून वळव.
तो वर मोकळा ठेवणारे सगळे शहाणे
मला वोरूच्या दवाखान्यात रांगेत भेटलेत.

आणि हे तिचं नाक. त्यातला वरचा हा चतकोर
लाकडाला टेकला की करवत उलटते,
थेट तुझ्या तोंडाकडे येते,
अरे म्हणायलाही वेळ देत नाही.
म्हणून मान तिच्या रेषेत नको. थोडी डावीकडे. हां.

धार भुशावरून कळते.
ओटच्या पोह्यांसारखा उडाला तर ठीक,
पीठ उडू लागलं की थांब, कानस काढ.
बोथट करवत जोर मागते,
आणि जोर दिला की तोल जातो.
दर दाताला तीन हात, पुढेच ढकलायचे,
मागे येताना कानस उचलायची.
एंडेल हे करताना शीळ घालायचा. ते ऐच्छिक.

फळ्याही चिरायच्या आहेत? मग चौकट घेऊन जा, पेटीत आहे,
चिरायची साखळी वेगळी, तीही तिथेच.
पहिल्या कापाला ओंडक्यावर जुनी शिडी सरळ ठोकून घे,
खिळे कापाच्या वाटेत नकोत.
अंगणातलं झाड असेल तर आधी आठव,
त्याला तार कुणी बांधली, पाटी कुणी ठोकली.
ओकच्या अंगात काळानिळा डाग दिसला की आत लोखंड.
आम्हाला एकदा बंदुकीची गोळी लागली. म्हणजे, सापडली.
कुठल्या सैन्याची ते कळलं नाही.
साखळीचे सात दात गेले, तिने कुणाचीच बाजू घेतली नाही.

पाचरी प्लास्टिकच्या वापर.
लोखंडी पाचरीची आणि साखळीची भेट एकदाच होते.

फोडायला ठोकळा गुडघ्याएवढा,
त्यावर जुना टायर, तुकडे आतच उभे राहतात.
घाव चुकला तर ठोकळ्यात रुतावा, नडगीत नाही.
आणि फोडायच्या यंत्रावर माणूस एकच,
त्याचे दोन्ही हात दोन दांड्यांवर.
मदतीला धावून येतो ना, बोटं त्याचीच जातात.
हे बघ. ही दोन.
मी मदतीलाच धावले होते.

तिकडे काय बघतोस? हो, त्याचीच पँट.
डाव्या मांडीवर फाटली, ते पांढरे धागे बाहेर आले,
त्यांनीच साखळीला गुंडाळून जागीच गप्प केलं.
एंडेल बर्फात बसला आणि हसत राहिला,
मला वाटलं, थांबणारच नाही.
दिवसाची शेवटची टाकी होती ती. एकच ओंडका राहिला होता.
नेहमी एकच राहिलेला असतो.
नको, मागू नकोस, देणार नाही.
एकदा कापलेली पँट दुसऱ्यांदा वाचवत नाही.
आता ती नुसती खिळ्यावर असते.

तो झोपेत गेला, गेल्या मार्चमध्ये,
दोन्ही पाय आणि दहाही बोटं बरोबर घेऊन.
लोक सांत्वनाला आले तेव्हा हे मी मोठ्याने सांगत होते.
त्यांना ते विचित्र वाटलं.

ऐंशी युरो. पण आज नाही.
आधी पँट विकत आण, जाळीचं हेल्मेट, बूट,
बिलं मला दाखव, मग साठ.
फोन छातीच्या खिशात ठेव,
ट्रॅक्टरवर ठेवलेला फोन फक्त ट्रॅक्टरच्या उपयोगाचा.
आणि एकटा जाऊ नकोस. कुणीच नसेल तर मला सांग,
मी लांब उभी राहीन. आता लांबच उभी राहते.

जाण्याआधी एकदा चालू करून दाखव.
अंगणात. खाली ठेवून. ब्रेक लावून.
थांब जरा, कुत्र्याला धरते.
हा आवाज ऐकला की तो अजून
जंगलाच्या वाटेकडे धावत सुटतो.