लाभार्थी संख्या

दोन क्रेडिटांसाठी गेलो होतो, खोटं कशाला बोलू.
अडतीस जण, एक टेम्पो, एक भाड्याची एसटी,
लाल कोट, सोनेरी गोंडे,
आणि मांडीवर, झोपलेल्या भाच्यासारखं जड,
विद्यापीठाच्या शिक्क्याचं माझं युफोनियम.

आंजर्ल्याच्या खाडीपलीकडली वाडी.
भात झोडून झालेलं, मळ्या मोकळ्या,
पऱ्याला पाणी घोट्याएवढं उरलेलं
आणि तेही समुद्राकडं निघालेलं, घाईत.
ते अडवायचं, एवढंच काम.
सिमेंटची रिकामी पोती, माती, वाळू
आणि आम्ही.

सकाळी सहाला फेरी काढली.
कवायतीच्या मैदानावर शिकलेली चाल
जांभ्याच्या पाखाडीवर कुठं बसते?
ट्रॉम्बोनची नळी फणसाच्या फांदीत अडकली.
इरफान मुकादमचा मोठा ढोल वाटेपेक्षा रुंद,
तो आडवा होऊन उतरला, खेकड्यासारखा.
कुत्री पुढं, पोरं मागं,
मोठी माणसं आपापल्या अंगणात उभी,
कोणाचं लग्न ते बघत.

पऱ्यात साखळी धरली.
शलाका भुवड, आमची ड्रम मेजर, दगडावर चढून
एक-दोन, एक-दोन म्हणत राहिली,
पण हात एकीकडं नि पोतं दुसरीकडं.
दहातली तीन पाण्यात फुटली.
मैदानावर आमचा एक पाय चुकत नाही.

तेव्हा धाकू गोरिवले आले.
खालूबाजातली टिमकी कमरेला, बिडी कानावर.
कातळावर बसले, बराच वेळ नुसतं बघत.
"बाय, तू पायांचं मोजत्येस," शलाकाला म्हणाले,
"वझ्याचं मोज."
आणि शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन
सहाणेकडं चढताना जी वाजते
ती चाल धरली. संथ. मध्ये एक ठोका गाळलेला.
त्या गाळलेल्या ठोक्यात
पोतं एका हातातून दुसऱ्या हातात जातं,
हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.
इरफाननं हळूच ढोल जुळवला.
अंगणातल्या माणसांनी पंचे कमरेला आवळले.

वाद्यं शाळेच्या पडवीत असायची.
खारा वारा कोणाचं ऐकत नाही,
आणि आमचं लॅकर तर कधीच उडालेलं:
तीन रात्रींत पितळावर हिरवे डाग,
माझी दुसरी कळ रुतून बसली.
"ह्ये काय सोंग!" म्हणत तान्हीआत्यांनी
युफोनियम मांडीवर ओढलं.
भिजवलेलं आमसूल, चुलीतली राख, मूठभर काथ्या.
बघता बघता ओटीवर, समयांच्या रांगेत,
ट्रम्पेट, कॉर्नेट, झांजा.
"आतनं कोण पुसतं?"
कोणी नाही, मी म्हटलं.
त्यांनी कर्ण्यात कोपरापर्यंत हात घातला.

चौथ्या संध्याकाळी पाणी गुडघ्याला लागलं.
सरांनी भाषण लिहून आणलं होतं, ते विसरले.
आम्ही वाजवलं.
माझ्या ओठांना प्रत्येक सूर आंबट लागला.

अहवालात रकाना होता: लाभार्थी संख्या.
मी लिहिलं, अडतीस.
सरांनी खोडून एकोणसाठ कुटुंबं केलं.
तेही खरंच होतं, वालाला, कुळथाला
माघापर्यंत पाणी पुरलं म्हणे.
मी वाद घातला नाही.

आषाढात बंधारा वाहून गेला.
तो जायचाच असतो, दरवर्षी नवा घालायचा.
कार्तिकात अनोळखी नंबरवरून फोन आला,
मागं टिमकीवर कोणी नातू चुकत होता.
"पान्याचं ऱ्हाऊ दे," धाकू म्हणाले,
"पितळ हिरवं झालं आसंल.
कदी येताव?"