फळ्यांखाली

तिकीट माझं नव्हतंच.
ते होतं अरुणोदयचं, जोएल मास्तरांच्या पोराचं.
त्याला त्या सकाळी एकशे दोन ताप भरला
आणि मिशन दवाखान्याच्या एक्स-रे खात्यातले मास्तर,
काहीच वाया जाऊ न देणारे,
आमच्या दारात सायकलची घंटी वाजवत म्हणाले,
'काय रे, फुटबॉल कळतो?'
मी हो म्हणालो.
त्या दिवसातलं पहिलं खोटं.

मिरज. रेल्वेचं पटांगण.
फक्कीच्या रेघा उन्हात दिसेनाशा झालेल्या.
बांबूंना सुंभानं आवळलेल्या फळ्या, एकावर एक सात,
आणि सहावीवर आम्ही :
मास्तर, मी, लोकोशेडचे चार फिटर,
आणि एक म्हातारा, जो सामनाभर
पंचाच्या आईची विचारपूस करत होता.

कोल्हापूरकर टेंपोतून उतरले, हलगी कडाडत,
सगळ्यांचे शर्ट एकाच ताग्यातले निळे.
आमच्यांचा पिवळा मात्र तीन-चार तऱ्हांचा,
कुणाचा हळदीचा, कुणाचा काविळीचा.
'पिवळे आपले,' मास्तर म्हणाले.
मला कुणी विचारलं नाही.
आपलं कोण, हे असं दोन शब्दांत ठरतं
याचं मला बरं वाटलं.

उत्तरार्धात कधीतरी
माझी डावी चप्पल फटीतून खाली गेली.
नवी होती. आईनं एक बोट मोठीच घेतलेली,
पुढच्या सालीही पुरावी म्हणून.
मी उतरलो.

खाली दुसरंच गाव होतं.
शेंगांची टरफलं, विड्यांची थोटकं, एक शेळी,
उन्हाच्या बारीक पट्ट्या,
आणि वरून लोंबणारे पाय, शे-दीडशे,
ऑइलचे, भेगांचे,
त्यात मास्तरांचे पॉलिश केलेले बूट.
मी मातीत चाचपत होतो
आणि वरचा आवाज थांबला.
हलगीसुद्धा.
मास्तरांचे बूट चवड्यांवर आले.
मग सगळे पाय एकदम नाहीसे झाले
आणि त्यांच्या जागी लख्ख ऊन कोसळलं,
धूळ, टरफलं, कुणाची तरी तंबाखूची डबी.
शेळी उधळली.
आणि मी, काही म्हणजे काही न बघता,
घसा फाटेस्तोवर ओरडलो.

परतताना डबलसीट.
मास्तर पायडल मारत गोल सांगत होते,
मुनाफ शिकलगार, डावीकडून, दोघांना चकवून,
आणि मी त्यांच्या घामट पाठीला कान लावून
तो पाठ करत होतो.
अरुणोदयच्या खाटेशी बसून मीच सांगितला.
त्यानं डोळे मिटून ऐकला.
म्हणाला, 'परत सांग.'

तेव्हापासून सांगतोच आहे.
हॉस्टेलवर, ऑफिसात, सासुरवाडीला,
दर खेपेला मुनाफ एक माणूस जास्त चकवतो.

गेल्या साली बेडग रोडच्या पंपावर
हवा भरायला थांबलो तर तोच,
टायरवर वाकलेला, कानांवर पांढरं.
मी त्याचा गोल त्याला सांगितला, अख्खा.
त्यानं नळी गुंडाळली. हसला नाही.
'डोळ्यात धूळ गेलेली, भाऊ.
कुठं लागला काय म्हाईत. खांद्याला बहुतेक.
पण तू सांगतोस त्ये झ्याक हाय.'
पुढच्या चाकात बत्तीस भरू का, तेवढं विचारलं.

चप्पल? सापडली की.
घरी दिव्याखाली आईनं बघितली :
दुसऱ्याच कुणाची, जुनी,
आणि तीही उजव्या पायाची.
'दोन्ही उजव्या घालून आलास? टोचलं नाही काही?'
टोचलं असेल.
आम्ही एक-शून्यनं जिंकलो होतो.