पंधरा मिलिमीटर

इग्नास गारिसेबनं गाडीखालून डोकं काढलं
आणि आधी पोटभर हसून घेतलं.
मग चिंधीला हात पुसत म्हणाला,
तुझ्या बापानं उजवीची स्प्रिंग डावीकडे घातलीय
आणि डावीची उजवीकडे.

एकवीस वर्षं.

एकवीस वर्षं आमची लँड क्रूझर
उजव्या कानात पाणी गेलेल्या माणसासारखी चालत होती,
सेसफोंटेन ते खोरिक्सास, खोरिक्सास ते सेसफोंटेन,
आणि ताते म्हणायचे, गाडी सरळ आहे,
सरकारनं रस्ताच तिरका केलाय.
आम्हा पोरांना ते पटायचं.
मागच्या सीटवरचं कलिंगड दरवेळी उजव्या दारापाशी सापडायचं;
आम्हाला वाटायचं, कलिंगडांचा स्वभाव.

दोन्ही स्प्रिंगा त्यानं शेजारी शेजारी मातीत उभ्या केल्या.
गंजलेल्या, बसक्या,
तरी एक दुसरीपेक्षा किंचित उंच.
चालकाच्या बाजूची मुद्दाम लांब करतात, म्हणाला,
तिकडे वजन जास्त म्हणून.
पंधरा मिलिमीटर.
लांब कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी बसून
आमच्या तात्यांच्या देहाचा हिशेब करून ठेवला होता.
तात्यांनी तो उलटा बसवला.

आता नव्या घ्यायच्या.
विंडहूकच्या दुकानाची यादी त्याच्या हातात,
तेलकट बोटांनी मऊ पडलेली:
रिकाम्या गाडीसाठी.
दोनशे किलो कायमचे.
चारशे किलो कायमचे.

चारशे, मी म्हणाले. सगळ्यात जाड तारेची.
गेल्या ऑगस्टमध्ये पाण्याची सहा पिंपं, अकरा शेळ्या
आणि मावशीचं कपाट एकाच फेरीत आणलं तेव्हा
गाडी रबरी ठोकळ्यांवर जाऊन बसली होती,
खड्डा रस्त्याला होता, दात आमचे वाजत होते.

असं वर्षातून किती वेळा?

एकदा.

मग एका दिवसापायी वर्षभर दगडावर बसणार?
सगळ्यात जड दिवस धरून स्प्रिंग घेऊ नये, पोरी.
इथला रस्ता म्हणजे आडवा अंथरलेला नालीचा पत्रा.
रिकामी गाडी त्यावर फुटाण्यासारखी उडेल,
आणि मोपानेखाली उभी केलीस तरी
ढुंगण वर करून काहीतरी शोधत असल्यासारखी दिसेल.
कायमचं काय असतं ते सांग.

मी बोटं मोडत बसले.
पाण्याची दोन पिंपं. जॅक. दुसरं जादा चाक.
किल्ली हरवलेली हत्यारांची पेटी.
शेळ्यांचं मीठ. कुत्री, जी स्वतःला माणूस समजते.
रविवारी चर्चला दोन मावश्या
(त्यांच्या झग्यांचं वजन वेगळं धर, म्हणाला, आणि खरंच धरलं).
आणि ताते.

ताते किती?

पूर्वी एकशे दहा.
आता एकसष्ट.

त्यानं एकसष्ट लिहिलं.
पेन्सिल कानामागे ठेवली. परत काढली.
खोडून सत्तर केले.
थंडीत भरेल जरा, म्हणाला, माझ्याकडे न बघता.

बेरीज दोनशे बावीस झाली.
दोनशेच्या घे, म्हणाला,
आणि त्या पेटीची किल्ली शोध, नाहीतर पेटी फेक.

सोळा दिवसांनी बसवल्या. दोन्हींवर खडूनं बाजू लिहिली होती;
मला मोठ्यानं दोनदा वाचायला लावली.
मग सपाट फरशीवर गाडी उभी केली, आणि ती नुसती उभी राहिली.
इतकी सरळ की कुणा दुसऱ्याची वाटली.

तात्यांना डावीकडच्या सीटवर बसवून निघाले.
नदीच्या कोरड्या पात्रापर्यंत ते गप्प होते.
मग वरची मूठ घट्ट धरून म्हणाले,
डावीकडे झुकलीय.

नाही झुकली, ताते.

मग रस्ता.

असेल, म्हटलं. सरकारनं बदलला असेल.

त्यांनी मान हलवली, समाधानानं.
पुढे कितीतरी मैल वळण नव्हतं,
आणि आम्ही दोघं
थोडे उजवीकडे कलून बसलो होतो.