घरी वाचा

तिसऱ्या धड्याचं पान
माझ्या पुस्तकात सोळा वर्षं नवंच राहिलं.
बाकीच्या पानांवर खडूची बोटं, चहाचे डाग,
हे मात्र बँकेतल्या नोटेसारखं कडक.
"हे घरी वाचा," म्हणायचो,
आणि थेट चौथ्यावर.
पोरी खाली बघायच्या, पोरं कोपरं मारायची,
घंटा व्हायची. मी सुटायचो.

परवा शिरपूरच्या दवाखान्यात
सहा नंबरच्या खोलीबाहेर भटू दिसला.
दहावी सुटल्यावर केळीच्या ट्रकवर क्लीनर,
दिल्ली, परत, पुन्हा दिल्ली.
आता हातात हिरवं कार्ड, गोळ्यांची डबी.
वाकून पाया पडला.
"सर, तुम्ही सांगेल व्हतं, घर वाचा.
आमना घर कोन वाचस?"
हसत म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

सोमवारी कोकिळा सिस्टरला बोलावलं.
हेडसरांनी खिडक्या लावून घेतल्या,
तिनं आल्या आल्या उघडल्या.
फळ्यावर मी लिहिलं, एचआयव्ही.
खाली, निरोध.
'ध' काढताना खडू मोडला.
दुसरा घेतला.

मग बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या,
नाव नाही, हजेरी क्रमांक नाही.
डास चावला तर होतो का?
चांगल्या घरच्यांना होतो का?
आपण नाही म्हटलं आणि तो रागावला, तर?
(याचं उत्तर सिस्टरनं दिलं, बराच वेळ दिलं.)

शेवटी गणिताच्या वहीचा एक तुकडा:
"मनी माय रोज रातले गोयी खास.
मी तिना हातनी भाकर खास.
चालस ना?"

भाकरीचा भ म-सारखा.
तीन वर्षं मी हा भ लाल शाईनं गोल करतोय.
कुणाचा, ते इथेही लिहीत नाही.

चिठ्ठी मी पुस्तकी मराठीत वाचली,
बाहेरच्या कपाशीकडे बघत.
म्हटलं, चालतं.
भाकरीनं होत नाही, ताटानं होत नाही,
एका गोधडीत झोपल्यानं होत नाही.
आणि न चुकता गोळी घेणारी आई
खूप वर्षं भाकरी करते.
कुठलातरी बाक करकरला.
मी वळलो नाही.

दुपारी सांगितलं, डबा विसरलो आज.
पोरांत बसलो, प्रत्येकाचा एकेक घास,
कळण्याची भाकर, ठेचा, कुणाची नुसती शेव.

माझा डबा गाडीच्या डिकीत.
संध्याकाळी बायको म्हणाली,
भेंडी आंबली की हो.