मानेमागचे चार टाके

ट्रॉन्हाइममध्ये नोव्हेंबर लागला
की सगळं गाव लोकरीत शिरतं.
मी नाही.
माझ्या अंगाला लोकर म्हणजे
दिवसभर कुणीतरी हलक्या आवाजात भांडत राहणं.

राग्नफ्रिदनं मला स्वेटर विणून दिला होता,
नकाशा विभागात कायम झाले तेव्हा.
छातीवर आठ पाकळ्यांची चांदणी, पांढरी, अगदी मोजून.
मी तो अकरा मिनिटं घातला.
आता दर नाताळच्या जेवणाला
हातावर घेऊन जाते,
झोपलेलं मूल न्यावं तसा.

नेमणुकीच्या पत्रात लिहिलं होतं:
पोशाख परिस्थितीला साजेसा असावा.
मी विचारलं, कोणती परिस्थिती?
राग्नफ्रिद हसली.
मी हसत नाही म्हटल्यावर थांबली,
आणि पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलं:
कॉलर हवी. भोक नको. छातीवर अक्षरं नकोत.
इतकंच? इतकंच.
ते पाकीट कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.
इतकी सरळ वाट
मला त्याआधी कुणी दाखवली नव्हती.

ऑटिझम हा शब्द मला चौतिसाव्या वर्षी मिळाला.
घालून पाहिला.
खांद्यात बसला, बाहीत बसला,
कुठे काचला नाही.

तर, पाच सदरे.
सुती, राखाडी-निळे, एकाच मापाचे.
आतल्या दुमडीत दोऱ्याच्या गाठी:
सोमवारची एक, मंगळवारच्या दोन,
म्हणजे सगळे सारखे झिजतात.
नवा सदरा आधी तीन रविवार घरी घालायचा,
त्यानं मला ओळखावं म्हणून.
लेबल कात्रीनं कापायचं नाही,
कापलं की खुंट उरतो आणि खुंट जास्त बोचतो.
सुईच्या टोकानं एकेक टाका उसवायचा,
श्वास धरून.

हाल्वार एकदा म्हणाला, तुझ्याकडे एकच सदरा आहे का गं?
म्हटलं, पाच.
तो इतका हसला की मला वाटलं आकडा चुकला.

शनिवारी सकाळी सातला तळघरातलं धुण्याचं मशीन माझं.
आधी त्याचा खण व्हिनेगरनं धुते,
कारण तिसऱ्या मजल्यावरचे लोक त्यात
कुठल्याही फुलाला येत नाही
असा फुलांचा वास ठेवून जातात.
मग इस्त्री.
कॉलर टोकांकडून मध्याकडे,
शिवणीवरून वाफ उलट बाजूनं.
आठवड्यातला हा अर्धा तास
मला कुणाशीही वाटून घ्यायचा नाही.

मार्चमध्ये गुरुवारचा सदरा कोपरात विरला.
गुरुवारी माझी खिडकीवर पाळी असते,
लोक हद्दीची भांडणं घेऊन येतात.
कंपनीला फोन केला.
मुलगी आनंदानं म्हणाली, तो बंद झालाय,
आता सुधारित आहे, थोडा ताणतो.
ताणणारं कापड मला माहीत आहे.
ते दिवसभर कोपर धरून ठेवतं.
फोन ठेवला, आणि त्या दिवशी जेवले नाही.
लोकांना हे सांगता येत नाही.
सदऱ्यासाठी, ते म्हणतील.

पुढचे सहा शनिवार जुन्या कपड्यांची दुकानं.
बोटांनीच शोधायचं,
बाह्यांवरून हात फिरवत जायचं,
डोळ्यांना तिथे काम नाही.
लादेमोएनच्या दुकानात हात थांबला.
तोच. माझंच माप. पन्नास क्रोन.

उलटा केला.
मानेमागे लेबल नव्हतं.
एका ओळीत चार बारीक भोकं,
खुंट नाही, ओरखडा नाही,
टाका न टाका सुईनं काढलेला,
श्वास धरून.

मी तशीच उभी राहिले.
दुकानातल्या बाईंनी विचारलं, काही खराब आहे का?
नाही, म्हटलं.

परका साबण नवव्या धुण्याला गेला.
दुमडीत चार गाठी मारल्या.
हाल्वारला काही कळलं नाही,
कळू नये म्हणून तर पाच सारखे.
ट्राममध्ये मी पुढच्यांच्या कॉलरींकडे बघते आताशा,
बाहेरून काहीच दिसत नाही.

भोकं बुजवलेली नाहीत.